देव संपेस्तोवर बसायचं

गडचांदूरच्या अवतीभवती जेवढा दगड फुटला, त्यातला निम्मा तरी आमच्या बारवाल्या भाऊंनी देवाला विचारून फोडला असेल. एका छोट्या खदानीत सुरुंगाचे बार भरणं हे त्यांचं काम आणि त्यांच्यावर देखरेख करणं माझं. कामात माणूस नियमाच्या पुस्तकाहून कडक. बिडीवाला दिसला की लांबूनच शिव्या, वात कापायची ती मोजून, उडालेल्या प्रत्येक बाराचा आवाज बोटावर मोजलेला. पण एखादा आवाज कमी पडला, म्हणजे बार आत अडकला, की हे झाडाखाली मांडी घालून गावोगावचे देव पुकारायला बसत. बल्लारपूरची मातामाय, मोहर्लीचा वाघोबा, करत करत शेवटी सिरोंच्याची पोचम्मा. यादी संपेस्तोवर कोणी उठायचं नाही.

आमच्या बौद्ध घरात नवसाला थारा नव्हता, त्यात माझ्याकडे खाणकामाचा डिप्लोमा. मी चिडायचो. "भाऊ, नियम अर्धा तास थांबा म्हणतो. घड्याळ आहे ना माझ्याकडे, देव कशाला?"

"घड्याळवाल्याले बसवत नाई जी, सायेब," ते म्हणायचे.

एका दुपारी सात बार भरले आणि सहाच आवाज आले. भाऊ बसले. ट्रक खोळंबले होते, ठेकेदाराचा फोन तिसऱ्यांदा वाजला. वीस मिनिटं झाली, धूरसुद्धा दिसेना. वात विझलीच असणार, असं माझं शास्त्र एकाएकी सांगू लागलं. "बघून येतो" म्हणून मी उठलो. भाऊंनी घड्याळासकट माझं मनगट पकडलं.

"बस! पोचम्मा बाकी हाये."

डोळेसुद्धा उघडले नाहीत. मी धुसफुसत बसलो. पोचम्माचं नाव यायच्या आत सातवा बार उडाला आणि मी जाणार होतो त्या वाटेवर दगडांचा खच पडला. भाऊंनीच पाणी पाजलं. "नियम तुमचाच होता, सायेब. माह्या देवानं बसवलं फक्त."

भाऊ आता फार थकलेत. परवा भेटायला गेलो, तर खाटेवर पडल्या पडल्या यादी चालली होती. वाघोबापाशी अडले. ओठ हलत राहिले, नाव काही येईना, चेहरा कावराबावरा झाला. "याच्या पुढं कोन जी?" जन्मात कुठल्या देवाला हात न जोडलेल्या मी पुढचं नाव सांगितलं, मग त्याच्या पुढचं. भाऊंनी निवांत डोळे मिटले. पोचम्मा जवळ आली तसा मात्र मला धीर होईना. तिला गाळून मी पुन्हा बल्लारपूरपासून सुरुवात केली. यादी संपेस्तोवर कोणी उठायचं नाही, हा भाऊंचाच नियम आहे.