जोडातले दोन सेकंद

शिट्टीबाईंच्या घरात दूधसुद्धा मोजूनमापून वर यायचं. बाई गॅससमोर उभ्या राहून पाच, सहा, सात म्हणायच्या आणि आठला दूध काठापर्यंत यायचं. नवरा सकाळी चार आकड्यांत अंथरुणातून उठायचा, दाढी चौसष्टात आटपायचा. छत्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवणाऱ्या बाईच्या घरात दुसरं काय होणार? खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायला जातंय कोण! मुलं, मुलांचे आईबाप, अगदी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिकासुद्धा त्यांना शिट्टीबाईच म्हणायच्या. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती.

तर या शिट्टीबाई महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. त्याआधी एकच काम उरलं होतं, वार्षिक क्रीडा दिनाची तीनशे मुलांची कवायत. शेवटची. "एवढी एक माझ्या मनासारखी होऊ दे, मग शिट्टी खुंटीला अडकवते," असं त्या दिवसातून दहादा म्हणत. आणि नेमकी तेव्हाच शाळेच्या टेपने कवायतीच्या धुनेची बावीस वर्षांची कॅसेट खाल्ली. खाल्ली म्हणजे कशी, आतून हातभर गुंता बाहेर काढावा लागला.

धून वाजवणारे बँडमास्तर आता थकले होते, पण त्यांच्याकडे ती धून होती. त्यांनी पाच तुकड्यांत पेनड्राइव्हवर घालून दिली. हात, रिंगा, डंबेल्स, मनोरे, झेंडे. एक तुकडा संपला की त्याच दमात पुढचा सुरू. पंचाईत एवढीच की शाळेचा प्लेअर पेनड्राइव्हला ओळखच देईना. त्याला सीडी हवी.

घरी कॉम्प्युटर होता. मुलगी नोकरीला लांब गेली तेव्हा ठेवून गेली होती, आणि त्याच्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायची सोय झाली होती. बाईंनी तिला फोन लावला.

"आई, सीडी बर्न करायचं एक सॉफ्टवेअर टाक. फुकट मिळतं. नेक्स्ट, नेक्स्ट करत जायचं. फक्त वाचून दाब हं," मुलगी म्हणाली.

यातलं 'नेक्स्ट, नेक्स्ट' बाईंनी घेतलं आणि 'वाचून' सोडून दिलं. ज्या बाईने आयुष्यभर तालावर हुकूम दिले, ती दर पायरीला थांबून बारीक अक्षरं वाचत बसेल? नेक्स्ट एक, नेक्स्ट दोन, नेक्स्ट तीन. आठव्या ठोक्याला फिनिश. बघतात तर पडद्यावर वर हवामान सांगणारी पट्टी, खाली कॉम्प्युटर झाडून देतो म्हणणारा कुणी सफाईवाला, आणि कोपऱ्यात डोळे मिचकावणारा एक हिरवा पोपट. सीडी बर्न करणारं सॉफ्टवेअर या सगळ्या वऱ्हाडाच्या मागे कुठेतरी उभं होतं.

"हा पोपट कोण?" नवऱ्याने चहाचा कप घेऊन येत विचारलं. नवरा बल्बच्या कारखान्यात तपासनीस होता, निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. लागला तो पास, न लागला तो फेल, यापलीकडे त्याने जगाचे भाग पाडले नव्हते.

"तुम्ही मधे बोलू नका हो. माझं मी बघते."

पहिली सीडी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडकली. बाईंनी शंभर आकडे वाट पाहिली, त्यांच्या मानाने हा अतिरेकच होता, आणि बटण दाबून ती बाहेर ओढली. दुसरी तशीच. तिसऱ्या वेळी सॉफ्टवेअरने सीडीच दिसत नाही म्हणून सांगितलं. "दिसत नाही? डोळे फुटले का तुझे? आत्ता घातली ना!" बाई कडाडल्या. शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या.

मग ते काढून दुसरं टाकायचं ठरलं. टाकणं सोपं होतं, काढताना मात्र नाकी नऊ आले. आधी त्याने विचारलं, नक्की काढायचं? मग विचारलं, अगदी नक्की? मग आम्हाला सोडून का जाताय म्हणून कारणांची यादी पुढे केली आणि शेवटी मोकळी चौकट दिली. बाईंनी चौकटीत लिहिलं, 'शिस्त नाही.' त्यावर ते म्हणालं, काही भाग काढता आले नाहीत, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. केला. हवामानाची पट्टी गेली होती, पोपट मात्र जागच्या जागी, आणि सॉफ्टवेअरचं नावही यादीत तसंच. पुन्हा काढायला गेल्या तर उत्तर आलं, काढणारी फाइल सापडत नाही, कृपया सॉफ्टवेअर पुन्हा टाका.

"म्हणजे याला घालवायचं तर आधी घरात घ्यायचं!" बाईंनी कपाळावर हात मारला. "असा पाहुणा माझ्या माहेरीसुद्धा नव्हता."

आठवडाभर हेच चाललं. एक, टाका; दोन, काढा; तीन, परत टाका. नासलेल्या सीड्या वाढत गेल्या, त्यावर नवरा चहाचे कप ठेवू लागला. अखेर दुसऱ्या सॉफ्टवेअरने एक सीडी धड करून दिली. बाईंचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी मैदानावर लावली. पहिला तुकडा छान वाजला, संपला, आणि शांतता. एक, दोन. मग दुसरा सुरू. तेवढ्यात पुढच्या रांगा रिंगा उचलून निघालेल्या, मागच्या घोटाळून थांबलेल्या. मधल्या रांगेत एकीची रिंग दुसरीच्या गळ्यात.

"आई, दोन गाण्यांच्या मधे ते आपोआप दोन सेकंद सोडतं," मुलीने फोनवर सांगितलं. "सेटिंगमध्ये एक खूण असते, ती काढायची."

खूण सापडली. पण ती राखाडी होती आणि दाबली तर दबेना. पूर्ण आवृत्ती घ्या म्हणे, आणि ते पान काही केल्या उघडेना. बाईंनी तेही काढलं, पुन्हा टाकलं, त्याला नाही नाही ते सुनावलं. दोन सेकंद काही हलेनात. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना दोन सेकंद, झोपताना दोन सेकंद. नवरा मुकाट ऐकत होता.

शेवटी एका सकाळी बाई मैदानावर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मनाने घेतलं की मशीन ऐकत नसेल तर न ऐको, माझी मुलं ऐकतात. "गाणं थांबलं की जिथे असाल तिथे दगड! पापणी हलवायची नाही! एक, दोन, आणि पुढे!" आठवड्यात तीनशे मुलांच्या अंगात हे असं बसलं की बघत राहावं. हात वर तर वर. मुलांच्या मनोऱ्याच्या टोकावरची चिमुरडीसुद्धा दोन आकडे तशीच दोन्ही हात पसरून. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, हे तर पूर्वीपेक्षा छान दिसतंय!" बाईंना मनातून इतका आनंद झाला की त्यांनी दोन मुलांना उगीचच दटावलं.

घरी मात्र अक्षर बोलल्या नाहीत. सॉफ्टवेअरपुढे आपण हात टेकले हे नवऱ्याला सांगायचं? छे! इथेच बाई चुकल्या.

क्रीडा दिन उजाडला. मैदान भरलं. सीडी बाईंच्या पर्समध्ये होती. ती त्या रोज घरी आणायच्या, कारण शाळेच्या कपाटावर त्यांचा विश्वास नव्हता. ती कारकुनाच्या हातात देऊन त्या चौथऱ्यावर चढल्या. शिट्टी. धून सुरू झाली. पहिला तुकडा संपत आला, बाईंनी मनात 'दगड' म्हटलं.

तीनशे मुलं दगड झाली. धून मात्र थांबली नाही.

ती तशीच पुढे निघाली, एका दमात, पूर्वी कॅसेटवर जायची तशी. मुलं दोन आकडे थांबली आणि शिकवल्याप्रमाणे रिंगा उचलून निघाली, धुनेच्या दोन सेकंद मागून. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. समोर तिसऱ्या रांगेत नवरा बसला होता. खुर्चीत अर्धा उठून, अंगठा वर करून हसत होता. ते हसू पाहिलं आणि बाईंना सगळं कळलं. मेल्याने दुरुस्त केलं होतं!

रिंगांनंतर डंबेल्स, डंबेल्सनंतर मनोरे. चौथ्या तुकड्यात ती चिमुरडी मुलांच्या खांद्यांवर चढणार, आणि खालच्यांचा ताल चुकला तर ती खाली येणार. बाई चौथऱ्यावरून उडी मारून पळाल्या. साठीला टेकलेली बाई, साडीचा पदर कमरेला, मैदानाच्या कडेने अशी धावली की लोकांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला. प्लेअर स्टेजखालच्या खोलीत होता. खोलीला खिडकी नव्हती. "सरका!" म्हणत त्यांनी कारकुनाला बाजूला केलं आणि पॉजच्या बटणावर बोट ठेवलं.

रिंगांचा तुकडा संपला. बटण दाबलं. मुलं दोन सेकंद मागे आहेत, ती आधी इथवर येणार, मग दोन थांबणार. म्हणजे या खेपेला चार. एक, दोन, तीन, चार. बटण पुन्हा दाबलं. डोक्यावरच्या फळ्यांमधून मैदानाचा आवाज आला, धप्, धप्, धप्. सहाशे पावलं, एक आवाज. जमलं! डंबेल्स आणि मनोऱ्यांच्या जोडाला नेमके दोन. त्याच्या पुढच्या जोडाला पुन्हा दोन. वर तेव्हा मनोरा उभा असणार, टोकावर ती हात पसरून. दिसत काहीच नव्हतं. शेवटची कवायत, आणि बाई एका भिंतीकडे बघत उभ्या. छत्तीस वर्षं त्यांनी कवायत डोळ्यांनी तपासली होती, ऐकली कधीच नव्हती. पावलं पडत राहिली आणि बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कारकून शहाण्यासारखा दुसरीकडे बघत राहिला.

टाळ्या थांबेनात. तेवढ्यात जिना उतरून नवरा आला. चेहरा पार पडलेला.

"अगं, फसलंच. काल तू शिंप्याकडे पट्टे आणायला गेलीस ना, तेव्हा मी ते सगळं काढून तिसरंच टाकलं. त्याच्यात ती खूण निघाली. नवी सीडी केली, तुझ्या पर्समध्ये जुनीच्या जागी ठेवली. मनात आलं, तुला एकदम कळू दे. पहिला जोड बघ कसा साफ गेला! पण दुसऱ्याला चार सेकंद गं. चार! मी मोजले. मग दोन, मग दोन. फेल."

बाईंच्या जिभेवर पहिल्या जोडापासून तोफखाना तयार होता. त्यांनी तोंड उघडलं. नवऱ्याच्या हातात एक कागद होता, चार घड्यांचा. त्यावर त्याच्या तपासनिसाच्या अक्षरात एक ते सत्तावीस पायऱ्या लिहिलेल्या, आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. सहाव्या पायरीला लिहिलं होतं, 'पोपट येईल, घाबरू नये.'

एक, दोन.

"पास," बाई म्हणाल्या.

"अगं, पण चार सेकंद..."

"पास म्हटलं ना! मी तपासलंय."

नवऱ्याला पटलं नाही. त्याने कागदाची घडी घातली. "उद्या सकाळी बसून ते सॉफ्टवेअर मुळापासून काढूनच टाकतो," तो म्हणाला.

"एकट्याने काढायचं नाही हं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी त्याच्या हातात दिली. "उद्या माझा शाळेतला शेवटचा दिवस. परवापासून मला तरी कुठे जायचंय? सकाळी दहाला दोघं बसू. पोपटापासून सुरुवात करू."