सायलीचा मसाला

कोल्हारच्या विमलबाईंना ‘जमत नाही’ हे लहानपणी कुणी शिकवलं नाही, आणि मोठेपणी शिकवायची कुणाची छाती झाली नाही. मुलाच्या, तुषारच्या, लग्नात मांडववाल्यानं आयत्या वेळी दगा दिला, तर बाईंनी कपाटातल्या साड्या एकीला एक जोडून मांडव उभा केला. पाहुणेमंडळी जेवता जेवता वर बघत होती आणि “ही तर आम्हीच आहेर केलेली!” म्हणून साड्या ओळखत होती. बाईंनी वाढणं थांबवलं नाही.

अशा बाईला सुनेनं हात टेकायला लावले. सायली नगरची, नोकरीवाली, बोलायला गोड पोर. तिला पाचवा महिना लागला तरी पोटात काही ठरेना. वरणाचा वास आला की मोरीकडे धाव, भाताचा आला की धाव. वजन वाढायचं सोडून उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आवडेल ते द्या, पण खाऊ घाला.”

विमलबाईंच्या जिवाला घोर लागला. डोहाळे पुरवले नाहीत की बाळाचा कान फुटतो, असं आपल्याकडे म्हणतात. शिकलेली माणसं हसतात. पण विमलबाईंच्या घरात पुरावाच हिंडत होता. तुषारचा डावा कान लहानपणी सतत वाहायचा, आणि आजही त्याला हाक मारायची तर उजवीकडून मारावी लागते. त्याच्या वेळी बाईंना भट्टीवरचे गरम फुटाणे खावेसे वाटत होते. एवढंच! पण सुनेनं आपण होऊन मागायचं नसतं, आणि नऊ महिन्यांत सासूनं एकदाही विचारलं नाही.

म्हणून विमलबाई विचारायच्या. उठल्या उठल्या विचारायच्या, चहा देताना विचारायच्या, सायली ऑफिसच्या मीटिंगमध्ये लॅपटॉपपुढे बसलेली असली तरी मागून मान घालून विचारायच्या, “सायले, काय खावंसं वाटतंय गं?” तिकडे बंगलोरचे साहेब गप्प व्हायचे. एका सकाळी तर बाईंनी न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून विचारलं. आतून पाण्याच्या आवाजावर सायली ओरडली, “टाको!”

तुषारनं मोबाईलवर फोटो दाखवला. बाईंनी तो लांब धरून पाहिला आणि निकाल दिला, “मक्याची भाकर हाय. दुमडल्याली. त्यात उसळ भरलीय.”

“आई, त्याचा मसाला निराळा असतो. नगरहून पाकीट आणतो.”

“इकतचा मसाला? या घरात? पोटुशी बाईला?” बाई कडाडल्या. “वाच, काय काय लागतं ते.”

तुषार वाचू लागला. तिखट दोन चमचे, जिरं एक चमचा, लसणाची पूड अर्धा चमचा...

“चमच्यानं मसाला करत्यात व्हय? ते चाटण झालं!” मसाला करायचा तो वर्षाचा, उन्हाळ्यात, आणि किलोनं, त्यापेक्षा कमी मसाला करता येतो हे विमलबाईंच्या पिढीला माहीतच नाही. पण बाई प्रमाणाच्या पक्क्या. एक चमचा म्हणजे एक किलो, अर्धा चमचा म्हणजे अर्धा किलो, असा हिशेब त्यांनी लावला आणि एका मात्रेनंही ढळल्या नाहीत.

गच्चीवर लसूण वाळत पडला, कांद्याच्या चकत्या वाळत पडल्या, आणि वासानं गल्लीत तीन दिवस कुणाला कुणाजवळ बसायची सोय राहिली नाही. ओरेगॅनो म्हणजे पिझ्झ्यावर टाकतात तो पाला, असं कळल्यावर बाईंनी त्याची एक पुडी फोडून हुंगली. “हा तर पानओव्याचा भाऊ!” झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या यच्चयावत कुंड्यांचं मुंडण झालं. मग मिरच्या भाजायला घेतल्या. मिरचीच्या धुराचा असा खाट उठला की दूधवाला किटली फाटकात ठेवून पळाला, बाईंचे यजमान भाऊसाहेब खोकत खोकत मारुतीच्या पारावर जाऊन बसले, आणि आतल्या खोलीत नाकाला ओला रुमाल लावलेली सायली दिवसभर उलट्या करत राहिली. “सोस बाई,” विमलबाई खोकत म्हणाल्या, “तुझ्याचसाठी चाललंय.”

मिरची कांडपवाला छगन डबे बघून चकित झाला. “काकू, कंचा मसाला ह्यो?”

“मेक्सिकोचा.”

“तिकडं पाव्हनं हायेत का आपलं?”

“पाव्हना सायलीच्या पोटात हाय. तू कांड.”

बरण्या भरल्या, पत्र्याचे डबे भरले, तरी मसाला उरला. घरात काही नवं झालं की शेजारी वानवळा जायलाच हवा. गेला. शेजारच्या साळूबाईंनी तो भरल्या वांग्यात घातला. कुणी शेंगोळ्यात घातला, आणि वरच्या आळीतल्या दहाव्याच्या आमटीतही तो पडला. मंडळींनी आमटी परत परत मागून घेतली. गावात त्याचं नाव पडलं सायलीचा मसाला. जो तो रस्त्यात सायलीला विचारू लागला, “भागले का डोहाळे?”

सायलीच्या पुढ्यात अजून टाको आलाही नव्हता. कारण भाकरी दुमडून कडक व्हायला हवी होती, आणि त्यासाठी विमलबाईंनी मक्याच्या भाकरी कपड्यांच्या दोरीवर वाळत घातल्या होत्या. शेजारचा वाल्मिक गाडी थांबवून विचारून गेला, “काकू, भाकरी धुतल्या का?”

संध्याकाळी ओसरीवर गल्लीतल्या बाया सुनेचे डोहाळे बघायला येऊन बसल्या. सायलीनं त्या बघितल्या, दोरी बघितली, आणि सासूला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

“आई, मला टाको नको होता. कॉलेजात एकदा खाल्ला होता, आवडलाही नव्हता.” तिचे डोळे भरले. “तुम्ही सारखं विचारायचात. म्हटलं, कोल्हारात मिळणार नाही असं काहीतरी सांगावं, म्हणजे विचारणं तरी थांबेल.”

आधी विमलबाईंना रागच आला, मसाल्याचा नाही, गल्लीत होणाऱ्या हशाचा. मग तो राग कुठं गेला त्यांनाच कळलं नाही.

“मला कुनी इचारलंच न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “वाटलं, इचारलं की झालं. इतकं इचारलं, की तुला खोटं बोलायची पाळी आली.”

सायलीनं दोरीवरच्या दोन-तीन कडक भाकरी काढून आणल्या, एकीत त्या मसाल्याची मटकीची उसळ भरली आणि चावा घेतला. भाकरी काडकन मोडली, निम्मी उसळ अंगावर सांडली. ती चावत राहिली. ओसरीवरच्या बाया दारात गोळा झाल्या. ‘कशी लागतीय?’ हे विमलबाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडावर दाबला.

सायलीनं गिळलं. मोरीकडे बघितलंसुद्धा नाही.

“आई, मीठ कमी आहे.”

“अगं बाई! सासूला नावं ठेवली!” दारातून साळूबाई किंचाळल्या.

विमलबाईंच्या हातच्याला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. त्या मिठाची बरणी घेऊन धावल्या. डोळे वाहत होते, ते त्यांनी तिखटावर ढकललं. सायलीनं तोवर दुसरी भाकरी उचलली होती, आणि ती कशी लागते हे विमलबाईंनी विचारलं नाही.