पहिलं पोतं कर्त्यानं उचलायचं

वजन कसं उचलावं हे लोकांना शिकवण्याचा मला पगार मिळतो. बेळगावातल्या एका फौंड्रीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा, वजन अंगाजवळ धरा, आणि वळायचं असेल तर कंबर नको, पाय वळवा. ही चार वाक्यं मी झोपेतही बोलतो, असं बायकोचं म्हणणं आहे. (कूस बदलतानाही मी आधी पाय वळवतो. शिस्त म्हणजे शिस्त!)

आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातलं एकही वाक्य मान्य नव्हतं. नंदगडजवळच्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर भाताची पोती पाठीवरून वाहिली आणि पाठीला तिचं मत कधी विचारलं नाही. शेवटी पोटानं तक्रार केली. दिवाळीनंतर त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने काहीही उचलायचं नाही. ते ऐकून चिकोडीहून माझी थोरली बहीण आक्का आली आणि तिनं त्यात स्वतःचं एक कलम घातलं.

"बाळू, तुझ्या घरात आप्पांनी एक जरी पोतं उचललं, तर मी त्यास्नी चिकोडीला घिऊन जाणार. मग काय बोलायचं न्हाय."

आप्पांचा चेहरा उतरला. आक्काच्या घरी चहा दिवसाला दोनदाच मिळतो, टीव्ही नऊला बंद होतो आणि जेवणानंतर शतपावली मोजून घेतली जाते. आप्पा त्या घराला 'हॉस्टेल' म्हणतात. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांना पाठवायचं नव्हतं. संध्याकाळी कामावरून आल्यावर भांडायला घरात हक्काचं माणूस लागतं.

म्हणून मी फौंड्रीतलं पोस्टर आणून त्यांच्या खाटेसमोर लावलं. त्यात दोन माणसं आहेत. गुडघ्यात वाकून खोकं उचलणाऱ्यावर हिरवी खूण, कमरेत वाकणाऱ्यावर लाल फुली. रोज सकाळी मी परीक्षा घ्यायचो.

"आप्पा, पाण्याचा तांब्या कुणी उचलला?"

"सूनबाईनं."

"शाब्बास."

"पर ह्यो फुलीवाला लई कामाचा दिसतोय बघ," आप्पा पोस्टरकडे बघून म्हणायचे. "तुझा खूणवाला नुसता बसलाय."

अशात गावाकडून नव्या तांदळाची तीन पोती टेंपोतून आली. आमच्या घरची एक रीत आहे. नव्या तांदळाचं पहिलं पोतं घरच्या कर्त्या पुरुषानं उचलायचं आणि वाटेत कुठंही जमिनीला न टेकवता उंबऱ्याच्या आत न्यायचं. गावात हे सोपं होतं, कारण बैलगाडी दारात लागायची. बेळगावात आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, आणि मध्ये अठरा पायऱ्या आहेत.

आप्पा धोतर खोचूनच खाली आले.

"आप्पा, वर जावा."

"कर्ता कोन हाय रं ह्या घरात?"

हा प्रश्न अवघड होता. (खरं उत्तर 'कल्पना', म्हणजे माझी बायको, पण ते दोघांनाही परवडणारं नव्हतं.) शेवटी तडजोड झाली. वजन मी आणि टेंपोवाला भीमाप्पा अशा दोघांनी उचलायचं, आप्पांनी पोत्याला फक्त एक बोट लावून चालायचं. बोटाला डॉक्टरांची मनाई नव्हती.

मी तयारीत कसूर केली नाही. स्टीलच्या टोकाचे बूट घातले, पिवळं जाकीट चढवलं, गळ्यात शिट्टी अडकवली. जिन्यातल्या चपला उचलायला लावल्या. मग गल्लीच्या मध्यभागी भीमाप्पाला बाजूला उभं करून अंग मोकळं करण्याचे व्यायाम घेतले. समोरच्या तीन गॅलऱ्या भरल्या.

"साहेब, पोतं एकच हाय न्हवं?" भीमाप्पानं हात वर केलेल्या अवस्थेत विचारलं.

शिट्टी वाजवली आणि पोतं उचललं. काय सांगू, दृष्ट लागावी असं उचललं! गुडघे वाकलेले, पाठ ताठ, पोतं छातीशी. आठव्या पायरीवर भीमाप्पा म्हणाला, "निधान री साहेब, निधान." सावकाश म्हणजे किती सावकाश हे मी त्याला चालता चालता समजावून सांगितलं. अठराव्या पायरीवर माझा ऊर भरून आला. उंबरा दोन पावलांवर होता.

"थांबा," आप्पा म्हणाले. "भाकरतुकडा ओवाळायचा हाय."

हे माझ्या नियोजनात नव्हतं. पाऊण क्विंटलचं पोतं धरून आम्ही दारात उभे राहिलो. आतून कल्पनाचा आवाज आला, "आप्पा, भाकरी न्हाय केली आज. चपाती चालंल का?"

"भाकरीच पायजे."

"आप्पा, चपाती चालू दे की," मी म्हणालो. आवाज थोडा बारीक निघाला.

"रीत म्हंजे रीत," आप्पा म्हणाले. हे वाक्य ते कुणाकडून शिकले हे मला ठाऊक होतं.

कल्पना खालच्या मजल्यावर भाकरी मागायला गेली. जाताना तिला आमच्यातून वाट काढावी लागली. खालच्या काकूंनी आप्पांच्या तब्येतीची चौकशी केली, ती मला वरपर्यंत स्पष्ट ऐकू आली. काकू फार मायाळू आहेत. वजन धरून एका जागी उभं राहणं सगळ्यात वाईट, असं मी दर महिन्याला सांगतो. ते खरं आहे.

अखेर भाकरी आली, पाणी आलं, ओवाळणं झालं, पोतं उंबऱ्याच्या आत गेलं. भीमाप्पानं त्याची बाजू आत मांडलेल्या फळीवर टेकवली. माझी बाजू अजून हातातच होती. तेवढ्यात मला राहवलं नाही. मागे उभ्या असलेल्या आप्पांना दोन शब्द ऐकवावेत असं वाटलं.

"बघितलंसा आप्पा? ह्याला शास्त्र म्हणत्यात!"

आणि हे म्हणताना मी वळलो. पाय जागेवर, कंबर आप्पांकडे.

कमरेतून कळ निघाली ती थेट डोळ्यांत आली. पोत्याचं टोक सुटून माझ्या पायावर पडलं. (बुटाला काही झालं नाही. बुटांबद्दल मी जे शिकवतो ते सगळं बरोबर आहे.) मी अर्धा वाकलेला, मान तिरकी, अशा स्थितीत तिथंच राहिलो.

भीमाप्पा मला उचलायला धावला, पण आप्पांनी त्याला अडवलं. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले होते.

"उचलू नगंस. ह्याच्या कागदावर सगळ्यात खाली बारीक लिवलंय. उचलायच्या आधी बघा, सरकवता येतंय का."

ते पाचवं वाक्य मी वेळेअभावी कधी सांगत नाही. आप्पांनी रिकामं पोतं अंथरायला लावलं, मला त्यावर आडवं केलं, आणि भीमाप्पा व कल्पनानं मला ओढत ओढत आप्पांच्या खाटेपर्यंत नेलं. मग आप्पा म्हणाले, "आता गुडघ्यात वाका. पाठ ताठ. त्याला अंगाजवळ धरा. वळताना पाय वळवा, न्हायतर ह्याच्यासारखं हुतंय." मी खाटेवर अलगद उतरलो. एवढी चांगली प्रात्यक्षिकं माझ्याकडूनही होत नाहीत.

नेमकी त्याच वेळी आप्पांना बघायला आक्का आली. दारात पोतं बघून तिनं पर्स खाली ठेवली.

"आप्पांनी हात लावला?"

भीमाप्पा प्रामाणिक माणूस. "एक बोट लावलं री आक्का," तो म्हणाला.

आप्पा गेले चिकोडीला, असं मी मनाशी धरलं. आक्कानं ताठ उभ्या असलेल्या आप्पांकडे बघितलं, मग खाटेवर काटकोनात पडलेल्या माझ्याकडे, आणि मग भिंतीवरच्या पोस्टरकडे.

"डागदर काय म्हणंल?" तिनं कल्पनाला विचारलं.

"तीन आठवडे झोपून राहा म्हणंल. आनि जिना चढायचा न्हाय म्हणंल."

"माझ्या घराला जिना न्हाय," आक्का म्हणाली.

डॉक्टर तेच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी चिकोडीला मी गेलो. उरलेली दोन पोती आप्पांनी हमाल बोलावून चढवून घेतली, खुर्चीत बसून, अंगात माझं पिवळं जाकीट आणि गळ्यात माझी शिट्टी. पोस्टर आक्कानं सोबत आणलं होतं. ते आता माझ्या खाटेसमोर आहे. फुलीवाल्याचा चेहरा मला रोज जास्त ओळखीचा वाटतो.

रोज सकाळी आप्पांचा फोन येतो.

"बाळू, तांब्या कुणी उचलला?"

"आक्कानं."

"शाब्बास."