मेडिकलच्या फ्रीजवर लावलेली पैज

मंजुळाबाईंनी आयुष्याची तीस वर्षं खव्याच्या भट्टीवर काढली आणि म्हातारपणी त्यांच्यावर आळ आला तो चोरून खवा खाल्ल्याचा. बाईंना ओळखणाऱ्याला खरं तर हसू यायला हवं होतं. पण कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलं.

मेहकरहून लोणारकडे निघालं की एक फाटा लागतो. फाट्यावर पाच-सहा पत्र्याची दुकानं, आणि आत थोडं चाललं की बाईंचं गाव. नवरा गेला तेव्हा ज्ञानेश्वर चौथीत होता. बाईंनी भट्टी विझू दिली नाही. कढईतलं दूध कुठवर आटलं ते त्या वासावरून सांगायच्या, खवा आतपर्यंत निवला की नाही ते बोटाच्या पेराने. एखादा व्यापारी मालाला नावं ठेवू लागला, तर ‘ठेव खाली आन् लाग रस्त्याले’ एवढंच त्याच्या वाट्याला यायचं. पुढे ज्ञानेश्वर हाताशी आला, त्याची बायको प्रतीक्षा घरात आली, आणि पासष्टाव्या वर्षी बाईंना शुगर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं. बाईंनी त्याच दिवशी खवा चाखायचं कामसुद्धा सुनेच्या हाती दिलं. ज्या जिभेवर घर उभं राहिलं होतं ती जीभ त्यांनी एका दिवसात गप्प केली, आणि त्याचा गाजावाजाही केला नाही.

वर्षभरापासून त्या इन्सुलिन घेत होत्या. दोन वेळचं इंजेक्शन स्वतःच्या हाताने, घड्याळ पाहून. सगळं सुरळीत चाललं होतं. यंदाच्या एप्रिलात मात्र शुगर अशी चढली की उतरेचना. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी नाही. पायाच्या अंगठ्याला साधं खरचटलं होतं, त्याची जखम झाली आणि ती चिघळू लागली. असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मग बाईंना सोडून त्यांनी ज्ञानेश्वरला विचारलं, घरात गोडधोड असतं का. ज्ञानेश्वर म्हणाला, आमचा धंदाच खव्याचा आहे. डॉक्टरांनी हलकेच मान डोलावली. ते डोलावणं बाईंना जखमेपेक्षा जास्त दुखलं.

घरी तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, बाईंना भांडता तरी आलं असतं. प्रतीक्षा खव्याची ताटं आतल्या खोलीत ठेवू लागली, एवढंच. एका संध्याकाळी ज्ञानेश्वर जवळ येऊन बसला आणि खात असशील तर सांगून टाक, मी रागावणार नाही, असं लाडीगोडीने म्हणाला.

“म्या तोंडाले लावला नाही,” बाई म्हणाल्या.

तो ‘बरं’ म्हणाला. लहान पोर ‘मी नाही मारलं’ म्हणतं तेव्हा आपण ज्या सुरात ‘बरं’ म्हणतो, तोच सूर. बाईंनी त्याच क्षणी मनाशी ठरवलं, की अंगठा गेला तर जाऊ दे, पण खोटारडी होऊन मरायचं नाही.

वाट दाखवली ती त्यांच्याच बोटांनी. इन्सुलिनची शिशी त्या फाट्यावरच्या गोकुळच्या मेडिकलमधून आणत, नेहमी संध्याकाळी. एकदा सकाळी सकाळी गेल्या. गोकुळ नुकताच शटर वर करून देवाला उदबत्ती लावत होता. त्याने फ्रीजमधून शिशी काढून दिली आणि बाई जागच्या जागी थांबल्या. संध्याकाळी हातात घेतली की बोटं गारठतात ती शिशी आज कोमट होती. त्यांनी विचारलं तर गोकुळ अगदी सरळ मनाने म्हणाला, आत्ताच तर मेन चालू केला काकू, होईल थंड.

त्यात त्याचा लबाडपणा नव्हता. दोन वर्षांपूर्वी फाट्यावरचं एक कापडाचं दुकान रात्री शॉर्टसर्किटने जळालं होतं. तेव्हापासून तिथले सगळेच दुकानदार घरी जाताना मेन स्विच पाडूनच कुलूप लावत. आग लागू नये म्हणून गोकुळ काळजी घेत होता आणि त्या काळजीपायी गावाचं औषध, जे थंड राहिलं तरच गुण देतं, ते रोज रात्री पत्र्याखाली उबत होतं.

बाईंनी घरी हे सांगितलं. ज्ञानेश्वरने बायकोकडे पाहिलं, तिने चुलीकडे. म्हातारी आता फ्रीजवर ढकलते, हे कुणी न बोलताही बाईंना ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी त्या लंगडत एसटीत चढल्या आणि मेहकरात उतरल्या. विजेच्या सामानाच्या दुकानात त्यांनी डिजिटल थर्मामीटर मागितला, वायरवाला, आणि सगळ्यात जास्त किती झालं होतं ते लक्षात ठेवणारा. अंडी उबवायच्या मशीनला लावायचा का, असं दुकानदाराने विचारलं. बाई म्हणाल्या, नाही, एक फ्रीज उबते का ते पाहायचं हाय. बटणं कशी दाबायची ते त्यांनी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

आधी तो त्यांनी घरच्याच फ्रीजला लावला. दुसऱ्याला तपासायचं तर आधी स्वतःला तपासावं, अशी बाईंची रीत. रात्रभरात आकडा सहाच्या वर गेला नाही. मग त्या गोकुळच्या दुकानात गेल्या आणि अंडी उबवायच्या मशीनला लावतात तोच हा, हेही त्यांनी सांगून टाकलं.

गोकुळ चिडला. माझं लायसन आहे, मी शिकलेला माणूस, माझ्या फ्रीजला तुम्ही कोंबड्यांचं यंत्र लावणार का, असं बरंच बोलला. आवाज चढला तसा समोरच्या टपरीवरून चहावाला पुंजाजी आला, त्याच्यामागे दोन गिऱ्हाइकं आली. बाई पायरीवर बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत.

“एक रात ठेव,” त्या म्हणाल्या. “सकाळी थंडं निघालं, तर म्या याच फाट्यावर उभी राहून सांगीन का मंजुळा चोट्टी हाय, चोरून खवा खाते. अन् गरम निघालं, तर तू सांगजो.”

अशा पैजेला चारचौघांत नाही म्हणणं गोकुळला जमलं नाही. भर दुपारी वायरचं टोक ‘दोन ते आठ डिग्रीत ठेवा’ असं छापलेल्या इन्सुलिनच्या खोक्यांत गेलं, आकडा दाखवणारी डबी फ्रीजच्या दाराला बाहेरून चिकटली. संध्याकाळी आकडा पाचवर येऊन ठरला. मग बाईंनी डबीने लक्षात ठेवलेला बाहेरच्या उन्हाचा जुना आकडा पुंजाजीच्या हातूनच पुसून घेतला, म्हणजे मागाहून कुणी म्हातारीचा हात लागला म्हणायला नको. गोकुळने रोजच्यासारखा मेन पाडला, शटर ओढलं आणि सगळे घरी गेले.

सकाळी शटर उघडलं तेव्हा दहा-बारा माणसं जमली होती. ज्ञानेश्वरही आला होता, आईची फजिती झाली तर तिला घरी न्यायला कुणी असावं म्हणून. मेन लावायच्या आधी पुंजाजीने वाकून डबी पाहिली आणि आकडा मोठ्याने वाचला. चोवीस.

गोकुळने पुन्हा बटण दाबलं. चोवीसच. तो पुटपुटला, की एका रात्रीत थोडं इकडेतिकडे होतंच, तेवढ्याने औषध मरत नाही.

“हाव,” बाई म्हणाल्या. “एका रातीनं नसन मरत. पण पाडव्याच्या मांगं तू साळीच्या लग्नाले नांदुऱ्याले गेला होता. आठ दिवस दुकान बंद होतं, वरून पत्रा तापे. तवा किती झालं असन, सांग.”

पुंजाजीची बायकोही याच फ्रीजमधलं इन्सुलिन टोचून घेत होती. तो टपरी तशीच उघडी टाकून घराकडे धावला. थोड्या वेळाने गोकुळ रस्त्यावर आला आणि पैज हरल्याचं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. खरं बोलायला त्याला जड गेलं, पण तो बोलला, तेवढा मान त्याला द्यायला हवा. तो सगळा साठा त्याने बाजूला काढला. आठवड्याच्या आत फ्रीजला वेगळी लाईन घेतली. हल्ली तो रात्री दुकानाचा मेन पाडतो, फ्रीजचा नाही.

बाईंनी मेहकरहून बर्फाच्या पिशवीतून नवी शिशी आणली. वीस-बावीस दिवसांत शुगर उतरली, जखम सुकायला लागली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, की या वेळी आजींनी पथ्य चांगलं पाळलं.

“हो ना,” ज्ञानेश्वर सवयीने म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी फाट्यावरच्या फ्रीजची सगळी हकिकत सांगितली, बाहेरचे पेशंट ताटकळले तरी एक शब्द गाळला नाही. औषध कुठून आणता, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि निघाल्या.

मेहकरच्या बसस्टँडवर ज्ञानेश्वर त्यांच्या शेजारी बसला. तो म्हणाला, “माय, चुकलंच माह्यं. आकडा पाह्यला न् मले खरं समजलं.”

“तेच तं,” मंजुळाबाई म्हणाल्या. “महिनाभर म्या सांगून राह्यली होती, तवा नाही समजलं. कोंबड्याच्या मशीनची डबी बोलली, तवा समजलं. तुह्या जन्मापासून म्या किती डाव खोटं बोलली रे तुह्यासंगं?”

लोणारची बस लागली. ज्ञानेश्वरने आधार द्यायला हात पुढे केला, पण बाई दांडी धरून एकट्याच वर चढल्या.