अनाउन्सरनं पुकारलेलं अकरावं नाव

नुसती नावं वाचून सभागृह हसवणारा माणूस मी एकच पाहिला. आम्ही त्याला अनाउन्सर म्हणायचो. अकोल्याच्या कॉलेजात तो माझ्या वर्गात होता. आवाज रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा आणि चेहरा कोरा. "हासनं लोकायचं काम हाय, आपलं नाई," असं त्याचं म्हणणं.

स्नेहसंमेलनात दरवर्षी त्याचं एकच प्रहसन असे, आमच्या फुटबॉल संघाची ओळख. संघ हसण्याजोगाच होता. तीन वर्षांत सामने चौदा, विजय एक, तोही समोरचे आलेच नाहीत म्हणून. अनाउन्सर नाव पुकारायचा आणि धोतरावर बूट चढवलेला एकेक खेळाडू मंचावर यायचा. "लेफ्ट आउट, चेंडूराव हुकले. सेंटर फॉरवर्ड, झोपाजी पलंगे, मुक्काम मैदान."

तिसऱ्या वर्षी तालमीत तो म्हणाला, "बनवलेले नावं पुरे झाले बे. एखांदं खरं पायजे." संघाचा सेक्रेटरी मी. खेळाडूंची यादी माझ्या अक्षरातली. मीच ती त्याच्या हातात दिली. त्यानं बोट ठेवलं गोलकीपरच्या नावावर. उकंडा, म्हणजे उकिरडा.

उकंडा मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातून एसटीनं यायचा. आमच्यात खेळता येत होतं ते त्याला एकट्याला. पुढच्याच आठवड्यात अमरावतीला त्याची विद्यापीठ संघासाठी चाचणी होती.

दहा बनावट नावांवर लोक हसले. अकराव्यावर खुर्च्या वाजल्या. तिसऱ्या रांगेतून उकंडा उठून बाहेर गेला, तेव्हा लोकांना तोही प्रहसनाचाच भाग वाटला. त्यानंतर तो मैदानावर आला नाही, चाचणीलाही गेला नाही. नाव बदलण्याचा अर्ज मात्र केला.

आम्ही दोघं त्याच्या गावी गेलो. तो घरात नव्हता. आईनं चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "तुमी हासले त्याचं काई नाई, बापू. तीन लेकरं गेले माहे. चवथ्याले उकिरड्यावर ठेवलं, उचललं, नाव घान ठेवलं, म्हनून हा राह्यला. आता नाव टाकून देतो म्हनते. मले भेव वाटून राह्यलं."

ही रीत आम्हाला ठाऊक नव्हती असं नाही. माझ्या गावात त्या नावाचे दोघं होते.

अनाउन्सर वेशीवर त्याची वाट पाहत थांबला आणि नाव बदलू नको म्हणून त्यानं हात जोडले. उकंडा म्हणाला, "हासाले तुमी, अन् वागवाले मी?" त्यानं नाव बदललं. तो सुखरूप आहे. त्याची आई मात्र शेवटपर्यंत रोज तो घरी पोचेस्तोवर दारात बसायची.

अनाउन्सर नंतर पातूरकडे एका शाळेत मास्तर झाला. हजेरी घेताना साठ नावं एका सुरात वाचायचा, कुठल्याही नावावर आवाज चढू देत नसे. कोणी मूल दुसऱ्याच्या नावाला हसलं, तर वही मिटून हसू थांबेपर्यंत उभा राहायचा. मंचावर तो पुन्हा चढला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "उकंडाच्या मायचं भेव कोन काढन?"

गेल्या महिन्यात तो गेला. शोकसभेत मुख्याध्यापक म्हणाले, सर फार शिस्तीचे होते, पण त्यांना विनोदाचं अंग नव्हतं. आकडा चुकला तरी उठून दुरुस्त करणारा माणूस मी. त्या दिवशी बसून राहिलो.