वर माणूस पाहिजे

क्रांती नळ कधी पूर्ण सोडत नसे. करंगळीएवढी धार, तेवढ्यात सगळं. तांदूळ धुतलेलं पाणी खिडकीतल्या मिरचीच्या रोपाला. कुणाच्याही पेल्यात घोटभर पाणी उरलं तर ती ते पिऊन टाकायची. आंघोळीला अर्धी बादली. उशाशी भरलेली कळशी, तिच्यावर ताट, ताटावर वरवंटा. घरात मांजर नव्हतं तरी. रस्त्यानं जाताना बांधकामाचा खड्डा दिसला की ती थांबायची, वाकून आतल्या कडा बघायची आणि काही न बोलता पुढे चालायची. आणि ऑफिसात डब्याचं झाकण ती फोन वाजल्याशिवाय उघडत नसे.

फोन एकदाच वाजायचा. ती उचलायची नाही. कापायची आणि जेवायला लागायची.

जाईला आधी वाटलं, कुणीतरी खास असणार. दोघी एकाच बॅक-ऑफिसात कामाला होत्या, ऐरोलीत मिळून वन बीएचके भाड्यानं घेतलं होतं. चिडवायचा तेवढा हक्क होता.

"रोज जेवायच्या वेळेला कोण गं? नाव तरी सांग."

"ज्योतिबा."

"ओहो!"

"भाऊ हाय माझा, बावळट. आण इकडं ते लोणचं."

मग तिनं सांगितलं. भूम तालुक्यातल्या त्यांच्या गावाकडे ज्योतिबा विहिरींत उतरायचा. आटलेल्या विहिरीच्या तळाशी यारीनं, म्हणजे काठावरच्या क्रेननं, मशीन सोडायचं, त्याच्यामागून स्वतः उतरायचं आणि बाजूच्या खडकात आडवं भोक पाडत जायचं. एखादा झरा लागला तर लागला. आडवं बोअर म्हणतात त्याला. वर त्याचा जोडीदार किसन दोर धरून उभा. मशीनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून खालून दोराला हिसका दिला की वर ओढायचं. जेवायला वर आला की ज्योतिबा बहिणीला मिस्ड कॉल द्यायचा. संध्याकाळी काम सुटलं की दुसरा. त्याचा अर्थ एवढाच, की वर आलोय.

"भीती नाही वाटत त्याला?"

"त्याला कशाला? ती माझ्याकडं दिलीय त्यानं," क्रांती म्हणाली.

जाई हसली. क्रांती हसली नाही.

उन्हाळ्यात नवी मुंबईतही आठवड्यातून एक दिवस पाणी बंद झालं. पहिल्याच आठवड्यात, पाणी परत यायच्या वेळेला, नळ खोकला. फुस्स करून हवा सुटली.

"आलं, आलं!" जाई बादली घेऊन धावली.

क्रांती दाराची चौकट धरून उभी होती. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं.

"अगं, काय झालं? आधी हवा येते, मागून पाणी येतंच."

"तुमच्यात येतं. आमच्यात हवा आली की संपलं."

पाणी आलं. बादली भरली. क्रांती तिथंच बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून बोलत राहिली, स्वतःशीच बोलावं तशी.

"चार पावसाळे चांगले गेले गं. सगळ्यांनी ऊस लावला. आमीपण लावला, आमी काय वेगळे? शेजाऱ्यानं बोअर पाडलं की आपलं आटायचं. मग आपण त्याच्याहून खोल जायचं. मग तो आपल्याहून. ओढ्यातली वाळू गेली, काठची झाडं गेली. नंतर पाऊस आला तो एका दिवसात पडला, माती घेऊन गेला, पुन्हा फिरकलाच न्हाई. एक दिवस पाइपातून नुसती हवा. अण्णा पाइपापुढं ओंजळ धरून उभे. येईल, येईल म्हणत. आई म्हणाली, अहो बसा आता. ते बसंनात."

"मग?"

"मग काय. गुरं छावणीला गेली, पोरं पुण्याला गेली, मी इकडं आले. दादा तेवढा खाली गेला."

बादली वाहायला लागली होती. क्रांतीनं उठून नळ बंद केला.

"विहिरीत पाणी असलं ना, की पाणीच भिंत धरून ठेवतं," ती म्हणाली. "कोरडी पडली की काळी माती फाटते, आतले दगड सुटे होतात. वरून काय दिसत न्हाई."

त्या दिवसापासून दुपारचा फोन वाजेपर्यंत जाईही डबा उघडेना.

पुढे एका रविवारी दोघी घरीच होत्या. जेवायची वेळ झाली. फोन वाजला नाही. दोघींनी ताटं घेतली नाहीत. जाई म्हणाली, "रेंज नसेल."

"खाली रेंज नसते. वर असते."

क्रांतीनं ज्योतिबाला लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. किसनला लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग ती उठली आणि स्वयंपाकघरातला गळका नळ खोलायला गेली. हाताला काहीतरी काम हवं होतं. आतून लोखंडावर लोखंड घासल्याचे आवाज यायला लागले. जाई बाहेर पलंगावर पडलेल्या फोनकडे बघत बसली. तो वाजावा असं वाटत होतं, आणि वाजू नये असंही.

वाजला. किसनचा होता. क्रांतीनं ओल्या हातानं स्पीकर दाबला.

"ताई..." मागं खूप माणसं ओरडत होती. "ताई, कडा सुटला. ज्योतिबा खालीच हाय."

"दोर?"

"दोर मोकळा आला."

"मोकळा म्हंजे?"

"म्हंजे ताई, नुसता दोर."

क्रांतीनं फोन ठेवला. पर्स घेतली. पायात घरातल्याच चपला होत्या. कळंबोलीला गावाकडची गाडी मिळते. जाई रिक्षापर्यंत मागं धावली.

"मी येते."

"तू काय करशील येऊन? फोन चार्ज ठेव."

रात्रभर फोन आला नाही. सकाळी जाई ऑफिसला निघाली. लिफ्ट खाली जायला लागली आणि तिच्या अंगाला दरदरून घाम सुटला. चार भिंती, वरून एक दोर. पुढच्याच मजल्यावर ती बाहेर पडली आणि जिन्यानं उतरली. गेटपाशी पोचली तेव्हा फोन वाजला.

"काढला वर," क्रांती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "जिवंत हाय."

जाई वॉचमनच्या खुर्चीवर बसली.

खडकातल्या कपारीत शिरून तो मशीनमागं आडवा राहिला होता. जेसीबी लावला असता तर उरलेला कडाही आला असता, म्हणून गावानं हातानं दगड काढले. हाडं शाबूत होती. एका कानानं ऐकू येत नव्हतं.

"माझं तसंही ऐकत नव्हता. आता कारण मिळालं," क्रांती म्हणाली आणि हसली. ते हसू जाईला नीट वाटलं नाही. "आणि जाई, पाणी लागलंय. त्याच भोकाला. त्या पाण्यानंच खालचा मुरूम भिजला आणि कडा आला. बाया सकाळपासून भरतायत. आई पण घागर भरून घेऊन आली."

"तू कधी येतेस?"



"किसननं हात जोडले. म्हणाला, मला लेकरं हायेत. काल रिकामा दोर त्यानंच ओढला ना."

"मग बंद होईल ना काम. चांगलंच झालं."

"तीन गावची माणसं अंगणात बसलीत. ज्योतिबाच्या हाताला पाणी लागतं म्हणे. त्यांच्या बाया विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरतायत. त्यांना काय सांगू? तुमच्या विहिरीला नको म्हणू?"

"त्याला सांग."

"सांगितलं. चांगल्या कानात सांगितलं. तो शुक्रवारी उतरणार. वर माणूस पाहिजे, जाई. दोर धरायला. दुसऱ्या कुणाच्या हातात मी तो कशी देऊ?"

जाईनं विचारलं, "मी दुपारी फोन करत जाऊ?"

"दुपारी नको. दोरावरचं ध्यान हटतं."

महिना होऊन गेला. ऑफिसात क्रांतीच्या जागेवर नवी मुलगी आली. घरमालकानं दुसरी पार्टनर शोध म्हणून सांगितलं. जाई अजून शोधत नाही.

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नळाचं डोकं काढून ठेवलेलं आहे. टपटप गळायचा तो नळ. झिजून चिरलेला जुना वायसर बशीत आहे. नवा कागदाच्या पुडीत, पुडी एका बाजूनं फाडलेली. पाना सिंकमध्ये. खालचा वॉल क्रांतीनं घट्ट आवळला होता, तो तसाच आहे. जाई स्वयंपाकाचं पाणी बाथरूममधून आणते.