सोमीबाईच्या चिठ्ठ्या

दुपारपासून डोकं जागेवर नाही, म्हणून इथं लिहून राहिली.

मी चंद्रपुरात वकिली करते. वकिलांनीच बुडवलेल्या केसेस आमच्या ऑफिसात नेहमी येतात. आज भामरागडकडच्या सोमीबाई आल्या. दिराने त्यांचं धानाचं शेत आपल्या नावावर करून घेतलं, त्याचा दावा होता.

"वकील बदलाचा हाय. साहेब आता फोन उचलत नाई," म्हणाल्या.

मी मोबाईलवर केस नंबर टाकला. दावा तीन वर्षांपूर्वीच खारीज! कारण, वकील तारखांना हजरच नव्हता.

बाई मात्र आतापर्यंत प्रत्येक तारखेला हजर. वकील त्यांना कोर्टाच्या आवारात दिवसभर बसवून ठेवायचा आणि संध्याकाळी पुढच्या तारखेची चिठ्ठी द्यायचा. पावसाळ्यात रस्ता बंद होतो, म्हणून ह्या चार दिवस आधीच घरून निघायच्या. सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणल्या होत्या.

"आत कधीच नाही गेल्या?"

"साहेब म्हणे, आत गेलं तं जज रागावते."

मी खरं काय ते सांगितलं. 

"मंग मी कोनाच्या केसले येत होती?"

मी म्हटलं, दावा पुन्हा उघडायचा अर्ज करू, त्या वकिलावर नुकसानभरपाईचा दावाही लावू.

त्यांनी पिशवीला गाठ मारली.

"मले कवा येऊन बाहेर बसा लागन?"

वकील मित्रांनो, उद्या कोर्टात जाताना आवारात बसलेल्यांना एकदा विचाराल का, तुमची केस अजून चालू आहे ना?